झडप किती उघडायची?

स्टालिनग्राडच्या आभाळात एक याक-१ वळतंय. मागे मेसरश्मिट १०९ लागलेलं. सिम्युलेटरवर बसलेला नवा खेळाडू थ्रॉटल पूर्ण पुढे रेटतो, काठी पोटाशी ओढतो, चढतो, पुन्हा वळतो. विमानाला अजून एकही गोळी लागलेली नाही. तरीही तीन-चार मिनिटांत इंजिनाचा आवाज बदलतो, काचेवर तेलाचे शिंतोडे येतात, ताकद ओसरते आणि इंजिन बसतं. शत्रूने काहीच केलेलं नसतं. पाण्याच्या तापमानाचा काटा केव्हाच लाल रेषेपलीकडे गेलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

अशा वेळी खेळाडू वैतागतो. लढाईच्या खेळात रेडिएटरच्या झडपांची कटकट कशाला, असं त्याला वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. दुसऱ्या महायुद्धातलं विमान खरोखर कसं उडवलं जात होतं, हे बंदुकांपेक्षा त्या झडपेतून जास्त कळतं. वेग, ताकद आणि वैमानिकाचं लक्ष या तीन गोष्टी तिथे एकाच दांड्यावर येऊन मिळतात. एक वाढवली की दुसरी कमी होते. ज्या सिम्युलेटरमध्ये हे गणित नीट मांडलेलं असतं, त्यातली लढाई पुस्तकात वाचलेल्या लढाईच्या फार जवळ जाते.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. पिस्टन इंजिनात पेट्रोल जळून जेवढी उष्णता निघते, तिच्यापैकी साधारण पंचवीस ते तीस टक्केच प्रोपेलर फिरवण्याच्या कामी येते. मोठा वाटा एक्झॉस्टच्या नळकांड्यांतून बाहेर पडतो. उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंती, हेड, पिस्टन आणि तेल यांच्यात शिरते आणि ती कुणीतरी सतत बाहेर न्यावी लागते. स्पिटफायरमधलं मर्लिन इंजिन हजार अश्वशक्ती देत असताना कूलंटला, म्हणजे इंजिनातून खेळणाऱ्या शीतक द्रवाला, काहीशे किलोवॅट उष्णता वाहून न्यावी लागते. हे काम थांबलं तर मिनिटांचा प्रश्न असतो.

कूलंट म्हणजे सुरुवातीच्या मर्लिनमध्ये शुद्ध इथिलीन ग्लायकॉल होतं. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश सेल्सियस, म्हणून ते सोयीचं वाटलं. पण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता धरत नाही, सांध्यांतून झिरपतं आणि पेटतंही. पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण दाबाखाली ठेवून वापरायला लागले. दाब का, तर उंचीवर हवेचा दाब उतरतो तसा पाण्याचा उत्कलनबिंदूही उतरतो. सहा हजार मीटरवर उघडं पाणी ऐंशी अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. कूलंट उकळलं की सिलिंडरच्या भिंतीला द्रवाऐवजी वाफ लागते, वाफ उष्णता नीट नेत नाही, आणि तेवढ्याच जागी धातू तापत जातो. दाब वाढला की सुरक्षा झडप कूलंट बाहेर फेकते. एकदा ते गेलं की नंतर रेडिएटर कितीही उघडा, आत वाहायला काही उरलेलंच नसतं. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमधल्या मस्टँग विमानावर हाच क्रम पाहायला मिळतो. काटा लाल रेषेवर गेला म्हणून इंजिन लगेच मरत नाही. कूलंट गेलं की मात्र परतीचा रस्ता बंद होतो.

आता दुसरी बाजू. उष्णता बाहेर टाकायची म्हणजे हवा रेडिएटरमधून न्यायची, आणि हवा अडवली की विमानाला अवरोध होतो. हा पेच विमानविद्येला फार जुना. १९३१ साली श्नायडर ट्रॉफी जिंकणाऱ्या सुपरमरीन एस-६बी या विमानात वेगळा रेडिएटर लटकवलेलाच नव्हता. पंखांचं आवरणच दुहेरी करून त्यातून पाणी खेळवलं होतं आणि तेल बाजूंनी फिरवलं होतं. शर्यतीसाठी ते उत्तम, युद्धात मात्र पंखावर कुठेही लागलेली एक गोळी पुरेशी ठरली असती. पाण्याची वाफ होऊ देऊन उष्णता नेणारी शीतन पद्धतही ब्रिटिशांनी करून पाहिली. रेजिनाल्ड मिचेल यांचं स्पिटफायरच्या आधीचं टाइप २२४ हे विमान त्याच पद्धतीचं गॉसहॉक इंजिन घेऊन १९३४ मध्ये उडालं आणि तापत राहिलं. शेवटी सगळे जण पुन्हा डब्यातल्या रेडिएटरकडे वळले.

तिथे फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांची १९३५ सालची मांडणी उपयोगी पडली. रेडिएटर उघड्या हवेत ठेवू नका, एका बोगद्यात ठेवा. बोगद्याचं तोंड लहान, मग तो रुंद होत जातो. आत शिरलेली हवा रुंद भागात मंदावते, तिचा दाब वाढतो, ती सावकाश रेडिएटरमधून जाते, तापते, फुगते आणि मागच्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडते. बाहेर पडताना ती विमानाला थोडा पुढे रेटा देते. गमावलेलं बरंचसं अशा रीतीने परत मिळतं. पी-५१ मस्टँगच्या पोटाखालचा तो फुगवटा म्हणजे हाच बोगदा. तो रेटा इतका मोठा होता की रेडिएटर फुकटात पडला, असं काही लोक सांगतात, ते मला अतिशयोक्त वाटतं. अवरोधाचा मोठा भाग भरून निघाला एवढं म्हणणं न्याय्य आहे.

झडप बोगद्याच्या पुढच्या नव्हे तर मागच्या तोंडाला असते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. किती हवा आतून जाईल हे बाहेर पडण्याचं तोंड ठरवतं. ते गरजेपेक्षा जास्त उघडलं की जादा हवा आतून घुसळत जाते, बाहेर पडताना तिचा वेग कमी असतो, आणि मेरेडिथचा सगळा फायदा निघून जातो. मस्टँगवर म्हणूनच हे काम थर्मोस्टॅटवर सोपवलेलं होतं. कॉकपिटच्या डाव्या बाजूला कूलंट आणि तेल यांच्यासाठी दोन बटणं, त्यांत ऑटोमॅटिक, उघडा आणि बंद अशा जागा. सिम्युलेटरमध्ये हुशारी करून हाताने झडप चालवणारा खेळाडू बहुतेक वेळा थर्मोस्टॅटपेक्षा वाईट काम करतो. मात्र थर्मोस्टॅटची तार गोळीने तुटली तर तीच हाताची जागा जीव वाचवते, आणि ती कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं.

स्पिटफायरची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात आवडणारी. मार्क १ ते ५ पर्यंत कूलंटचा रेडिएटर उजव्या पंखाखाली आणि तेलाचा कूलर डाव्या पंखाखाली. चाकं खाली असताना त्यांचे पाय रेडिएटरच्या हवेच्या वाटेत येतात. त्यात विमान जमिनीवर उभं, म्हणजे वाराही नाही. धावपट्टीकडे जाता जाताच काटा चढायला लागतो. ब्रिटनच्या लढाईतले वैमानिक इंजिन सुरू झालं की रेंगाळत नसत, याचं एक कारण हे होतं. डीसीएसमधल्या स्पिटफायर मार्क ९ वर रेडिएटरच्या झडपा आपोआप चालतात. कूलंट ११५ अंशांवर गेलं की त्या उघडतात आणि जमिनीवर तपासण्यासाठी वैमानिकाला फक्त एक बटण आहे. तरीही धावपट्टीच्या टोकाशी दुसऱ्यांची वाट बघत उभं राहिलं तर काटा चढत जातो. तिथे उपाय एकच. नाक वाऱ्याकडे करा आणि लवकर उडा. हरिकेनचा रेडिएटर पोटाच्या मधोमध होता. तो चाकांच्या आड येत नसे आणि प्रोपेलरचा झोतही त्याला मिळे. त्यामुळे तीच मर्लिन जातीची इंजिनं जमिनीवर हरिकेनमध्ये जास्त सुखात राहत.

उडाल्यावर सगळ्यात कठीण वेळ चढाईची. ताकद पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे उष्णता भरपूर आणि ती नेणारी हवा थोडी. कसारा घाटात जुनी गाडी भरल्या ओझ्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना बॉनेटमधून वाफ का येते, हे ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगायला नको. स्पिटफायर मार्क ९ च्या मर्लिनसाठी चढाईत कूलंटची मर्यादा १२५ अंश आणि लढाईच्या पाच मिनिटांसाठी १३५ अंश अशी होती. म्हणजे चढाई संपता संपता शत्रू दिसला तर हातात शिल्लक दहाच अंश. लांब चढाईत अनुभवी खेळाडू नाक थोडं खाली करून वेग वाढवतो आणि चढाईचा दर थोडा सोडतो. हवा जास्त मिळते, काटा उतरतो, आणि एकूण उंची गाठायला फारसा वेळही जास्त लागत नाही.

उंचीवर हवा थंड असते, मग इंजिन आपोआप थंड राहील, अशी एक समजूत असते. आठ हजार मीटरवर तापमान उणे ३७ अंश असतं हे खरं. पण हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ४३ टक्के. रेडिएटरला अंश हवे असतात तशी हवाही हवी असते. थंडी एका हाताने देते, विरळपणा दुसऱ्या हाताने काढून घेतो.

याच हिशेबात भारताचं हवामान घालून पाहिलं की मजा येते. कूलंट ११० अंशांवर आणि बाहेरची हवा १५ अंशांवर असेल तर दोघांतला फरक ९५ अंशांचा. बाहेर ४० अंश असतील तर फरक उरतो ७०. म्हणजे त्याच झडपेतून, त्याच वेगाने, साधारण पाव भाग उष्णता कमी जाते. शिवाय तापलेली हवा सुमारे आठ टक्क्यांनी विरळ असते. १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वायुदलाचं एक नंबरचं स्क्वाड्रन हरिकेन उडवत होतं, तेव्हा हे गणित कॉकपिटमधल्या काट्यावर रोजचंच होतं. युद्धानंतर भारताने टेम्पेस्ट मार्क २ ही विमानं घेतली, त्यांत ब्रिस्टल सेंटॉरस हे हवेने थंड होणारं इंजिन होतं. १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत ती उडाली. ब्रिटिशांनी ती आवृत्ती मुळात पूर्वेकडच्या युद्धासाठीच मनात धरली होती. गळणारं कूलंट नको, फुटणारा रेडिएटर नको, हा विचार त्यामागे होताच.

हवेने थंड होणारं इंजिन म्हणजे त्या काळी बहुतेक वेळा सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेलं रेडियल. त्याला रेडिएटर नाही, पण हवेची गरज सुटत नाही. उघडे सिलिंडर हवेत ठेवले तर अवरोध प्रचंड. १९२८ मध्ये अमेरिकेच्या नाका या संस्थेत फ्रेड विक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनाभोवती बसणारं आवरण तयार केलं. अवरोध घटला आणि सिलिंडरना हवाही व्यवस्थित मिळाली. त्या आवरणाच्या मागच्या कडेला असलेल्या पाकळ्या म्हणजे काउल फ्लॅप. पाकळ्या उघडल्या की हवा जास्त ओढली जाते, विमान मंदावतं.

रेडियल थंड ठेवणं जर्मनांना किती अवघड गेलं याचा दाखला फॉक-वुल्फ १९० मध्ये आहे. १ जून १९३९ रोजी पहिलं नमुना विमान उडालं. नाकावर मोठा पोकळ शंकू, त्याच्या मधोमध हवेचं तोंड. इंजिन तापलं आणि कॉकपिट इतकं भाजलं की वैमानिक हान्स सॅन्डर यांना आत बसवेना. शंकू काढून टाकला, इंजिन बदलून बीएमडब्ल्यू ८०१ बसवलं, आणि प्रोपेलरच्या मागे बारा पात्यांचा पंखा जोडला. प्रोपेलरपेक्षा वेगाने फिरणारा तो पंखा हवा आत ढकलत असे. तरीही १९४१ मध्ये पहिली विमानं लढाऊ तुकडीकडे गेली तेव्हा इंजिनं तापतच होती, विशेषतः मागच्या ओळीतले सिलिंडर. महिनोन् महिने त्यावर काम चाललं.

त्याच बीएमडब्ल्यू इंजिनावर जर्मनांनी कोमांडोगेरेट नावाची पेटी बसवली होती. वैमानिक एकच दांडा हलवायचा. प्रोपेलरचा कोन, हवा-पेट्रोलचं मिश्रण, बूस्ट (इंजिनात रेटलेल्या हवेचा दाब), ठिणगीची वेळ, सुपरचार्जरचा गिअर हे सगळं ती पेटी ठरवायची. मेसरश्मिट १०९ च्या एफ आवृत्तीपासून कूलंटच्या झडपाही थर्मोस्टॅटवर गेल्या. त्याआधीच्या ई आवृत्तीत त्या हातानेच चालवाव्या लागत. समोरच्या याक-१ मध्ये मात्र जवळजवळ सगळं हाताने. पाण्याची झडप वेगळी, तेलाची वेगळी, मिश्रण, आरपीएम, सुपरचार्जरचा गिअर, सगळ्यांचे दांडे वेगवेगळे. सोव्हिएत ला-५ मध्ये तर नाकासमोरच्या झडपा, बाजूच्या पाकळ्या आणि तेलाचा कूलर असा तिहेरी कारभार, आणि इंजिनाची धग कॉकपिटपर्यंत येई.

या दोन बाजूंचे वैमानिक समोरासमोर येतात तेव्हा काय होतं, ते आयएल-२ मालिकेतल्या बॅटल ऑफ स्टालिनग्राडमध्ये स्वतः अनुभवता येतं. जर्मन बाजूचा खेळाडू मान वळवून शत्रूला शोधत असतो, इंजिन आपलं आपण बघत असतं. सोव्हिएत बाजूचा खेळाडू त्याच वेळी नजर खाली नेऊन दोन काटे वाचतो, पाण्याची झडप थोडी उघडतो, तेलाची तशीच ठेवतो, आणि मान वर काढेपर्यंत मेसरश्मिट दिसेनासं झालेलं असतं. दोन विमानांच्या वेगात आणि वळण्याच्या क्षमतेत जो फरक असतो, त्यात या गमावलेल्या सेकंदांचा फरक मिळवावा लागतो. कामगिरीच्या तक्त्यांत हा स्तंभ कुठेच नसतो. चांगल्या सिम्युलेटरने इतिहासात घातलेली ही खरी भर आहे असं मला वाटतं.

म्हणूनच ऑटोमॅटिकचा पर्याय सरसकट सगळ्या विमानांना देणाऱ्या खेळांबद्दल मला खंत वाटते. वॉर थंडरमध्ये सुरुवातीला इंजिन आपलं आपण सांभाळलं जातं. नवख्यांना ते हवंच. मग ज्याला हवं तो हाताचा कारभार निवडतो, आणि निवडल्यावर त्याला कळतं की यंत्राने ठेवलेल्या झडपा त्याच्या प्रसंगाला नेहमीच योग्य नसतात. कधी थोडा वेग काढता येतो, कधी थंडाव्याची शिल्लक आधीच जमवून ठेवता येते. पण त्याच सोयीने याक आणि मेसरश्मिट एका पातळीवर येतात, आणि त्या काळी माणसाच्या लक्षाची जी किंमत होती ती नाहीशी होते.

तेलाचा प्रकार आणखी चकवणारा. तेल थंड पडलं की घट्ट होतं. कडाक्याच्या थंडीत कूलरच्या नळ्यांतलं तेल गोठल्यासारखं होतं, प्रवाह मधल्या थोड्या वाटेनेच जातो, त्यामुळे थंड होणाऱ्या तेलाचं प्रमाण घटतं आणि काटा वर चढतो. वैमानिकाला वाटतं तेल तापलंय, म्हणून तो झडप उघडतो. कूलर आणखी गोठतो, काटा आणखी चढतो. उपाय उलटा आहे. झडप बंद करा, कूलरमधलं तेल वितळू द्या, मग प्रवाह सुरळीत होतो. थंडीत सकाळी इंजिन सुरू व्हावं म्हणून तेलात पेट्रोल मिसळायची रीतही होती. तेल पातळ होई, इंजिन सुरू झाल्यावर पेट्रोल उडून जाई. डीसीएसच्या मस्टँगमध्ये या कामाचं बटण आजही तसंच आहे.

अतिथंडीचा सगळ्यात मोठा फटका पी-३८ लाइटनिंगला बसला. १९४३-४४ च्या हिवाळ्यात जर्मनीवर उंचावरून उडताना तिची अॅलिसन इंजिनं तापण्याऐवजी जास्तच गार पडत. आत जाणारी हवा इतकी थंड की पेट्रोलचे जड अंश नीट वाफच होत नसत आणि मिश्रण असमान होई. नव्या आवृत्तीतला मोठा इंटरकूलर (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणारा) उंचावर गरजेपेक्षा चांगलं काम करत होता, ही त्यातली खेदाची गोष्ट. उष्णतेचा काटा खूप खाली जाणं हाही दोषच, हे बऱ्याच सिम्युलेटरमध्ये अजून नीट उतरलेलं नाही. ताकद काढून लांब सूर मारला की इंजिन गार पडतं आणि तळाशी थ्रॉटल एकदम उघडला तर ते खोकतं, अडखळतं. हे ज्या खेळात घडतं तिथे सुराआधी झडपा बंद करण्याची सवय लागते.

आतून हा हिशेब कसा चालतो? प्रत्येक क्षणाला प्रोग्राम दोन आकडे काढतो. एक, इंजिनात किती उष्णता शिरली. ती ताकद, आरपीएम, बूस्ट आणि मिश्रण यांवर ठरते. मिश्रण श्रीमंत केलं, म्हणजे पेट्रोल जास्त सोडलं, तर जादा पेट्रोलच्या वाफेने आतली हवा गार होते. उडत्या इंजिनात पेट्रोल हेही एक शीतक आहे. जर्मनांचं एमडब्ल्यू ५० हे पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण तेच काम आणखी जोरात करत असे. दुसरा आकडा, किती उष्णता बाहेर गेली. ती विमानाचा वेग, हवेची घनता, झडपेचं उघडणं आणि कूलंट-हवा यांच्यातला फरक यांवर ठरते. दोन्हींतली तफावत इंजिनाच्या धातूत आणि कूलंटमध्ये साठत जाते. साठा मोठा असल्यामुळे काटा लगेच हलत नाही. आत्ता रेटलेल्या थ्रॉटलचा परिणाम अर्ध्या मिनिटाने दिसतो, आणि उघडलेल्या झडपेचाही तितक्याच उशिराने. काटा लाल रेषेवर बघून हात हलवणारा वैमानिक नेहमी उशिरा पोचतो. जाणकार काटा कुठे आहे यापेक्षा तो कुठे चाललाय हे बघतो.

या हिशेबाचं तपशीलवार रूप यायला वेळ लागला. ओलेग मॅडॉक्स यांच्या मॉस्कोतल्या चमूने २००१ मध्ये काढलेल्या आयएल-२ स्टुर्मोविकमध्ये रेडिएटरच्या मोजक्या पायऱ्या होत्या, बंदपासून पूर्ण उघड्यापर्यंत, आणि इंजिन तापलं की पडद्यावर इशारा येई. त्या काळी तेवढंही मोठं पाऊल होतं. झडप उघडल्यावर विमान मंदावतं ही जाणीव असंख्य खेळाडूंना पहिल्यांदा तिथे झाली. २०१२ मध्ये डीसीएसचं मस्टँग आलं आणि पुढच्या काही वर्षांत त्याच घरात फॉक-वुल्फ, मेसरश्मिट, स्पिटफायर, थंडरबोल्ट आले. त्यांत कॉकपिटमधला जवळजवळ प्रत्येक दांडा काहीतरी खरं करतो.

एका गोष्टीवर मात्र मला कडक बोलायचंय. स्टालिनग्राडच्या खेळात आणि त्याच्या पुढच्या भागांत आणीबाणीच्या ताकदीला घड्याळ लावलेलं होतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं संपली की थोड्याच वेळात इंजिन बिघडे, मग काटे सगळे हिरव्यात असले तरी. मॅन्युअलमधली ती मुदत असा स्फोटाचा क्षण सांगत नव्हती. ती इंजिनाचं आयुष्य, दुरुस्तीचे तास आणि सुट्या भागांचा साठा यांसाठी होती. मर्लिनच्या वैमानिकाने जादा बूस्ट वापरला की उतरल्यावर ते सांगायचं, नोंद व्हायची, मेकॅनिक बघायचे. १९४० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांना वैमानिकांना याबाबत लेखी ताकीद द्यावी लागली, कारण जादा बूस्ट गरजेपेक्षा जास्त वापरला जात होता. म्हणजे लोक मुदत ओलांडत होते आणि बहुतेक इंजिनं घरी येत होती. ती नंतर झिजलेली निघत, धोका वाढलेला असे. पण सहाव्या मिनिटाला ती फुटत नसत. घड्याळ लावणं सोपं, उष्णता मोजणं अवघड. सोप्या मार्गाने खेळाडूला चुकीची गोष्ट शिकवली जाते. तो काट्याऐवजी सेकंद मोजायला लागतो.

कूलंटवर लागलेली एक गोळी हा या सगळ्याचा सगळ्यात क्रूर भाग. मागे पांढरी रेघ सुटते, आणि त्या क्षणापासून मस्टँगकडे थोडीच मिनिटं असतात. थंडरबोल्टचं आर-२८०० हे अठरा सिलिंडरचं रेडियल एखाददुसरा सिलिंडर उडालेला असतानाही चालत राहिल्याची उदाहरणं आहेत. सोव्हिएत आयएल-२ हल्ला विमानात तेलाच्या कूलरला चिलखती झडप होती. जमिनीवरून गोळ्या येत असताना वैमानिक ती बंद करायचा आणि हल्ला आटोपला की उघडायचा. उघडायला विसरला तर शत्रूने जे केलं नव्हतं ते त्याच्याच तेलाने केलं असतं. सिम्युलेटरमध्ये हल्ल्यानंतर हुश्श करून घराकडे वळलेले किती जण याच विसरण्याने पडतात, हे त्यांच्यासोबत उडणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

खऱ्या वैमानिकाला काट्याशिवाय आणखी बरंच मिळत असे. इंजिनाच्या सुरात सूक्ष्म बदल, पायाखालची थरथर, गरम तेलाचा वास, ग्लायकॉलचा गोडसर वास, पायांना लागणारी धग. घरच्या खुर्चीत यातलं काही पोचत नाही. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात झडपा किती टक्के उघड्या आहेत हे दाखवणारी छोटी ओळ काही खेळांत असते. काही कडवे खेळाडू तिला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. हरवलेल्या संवेदनांची ती तोकडी भरपाई आहे, आणि डोळ्यांवर हेडसेट चढवून बसलेल्याला पुसट गेज वाचायला ती लागतेच.

ज्याला हे सगळं हाताखाली घ्यायचंय त्याने लढाईत न जाता आधी रिकाम्या आभाळात याक-१ घेऊन एक तास घालवावा. दोन हजार मीटरवर, सरळ, पूर्ण ताकदीने, दोन्ही झडपा पूर्ण उघड्या. वेग स्थिरावला की लिहून ठेवायचा. मग पाण्याची झडप थोडी थोडी मिटत जायची, दर वेळी एक-दोन मिनिटं थांबून. वेग वाढत जातो, काटा चढत जातो, आणि एका जागी काटा लाल रेषेच्या जरा खाली थांबतो. ती सपाट उड्डाणाची जागा. तेलासाठीही तेच. मग चढाईसाठी, मग थ्रॉटल थोडा मागे घेऊन. हे आकडे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवले की लढाईत नजर खाली न्यावी लागत नाही, हात आपोआप त्या खुणेवर जातो. हिवाळ्याच्या नकाशावर काढलेली यादी उन्हाळ्याच्या नकाशावर मात्र चालत नाही. तिथे तेच विमान घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.